छोटी फाइल कुणी ऐकलीच नाही

माझ्या धाकट्या भावाला सगळे पिळ्या म्हणतात. कंजूष आहे म्हणून नव्हे हं, उलट हात सैलच आहे त्याचा. पिळ्या अशासाठी की तो फाइली पिळतो. कुणी डॉक्टरांचं लांबलचक व्याख्यान आणून टाकतं, कुणी दुकानाची जाहिरात, कुणी शिकवणीचे धडे. हा ते पिळून पिळून एवढंसं करून देतो, म्हणजे ते इंटरनेटवर पटकन चढतं आणि बघणाऱ्याच्या मोबाइलवर न अडखळता चालतं. "मुलगा काय करतो तुमचा?" असं कुणी विचारलं की आमची आई सांगायची, "मोठ्याचं लहान करतो." विचारणाऱ्याला वाटायचं, शिंपी असेल.

त्याचा स्वभावही तसाच. प्रवासाची बॅग त्याने भरली की उघडताना कपडे अंगावर उडी मारतात. दातांच्या पेस्टची नळी तो लाटण्याने लाटतो. रिकामा खोका दिसला की त्याला चैन पडत नाही, घडी घालून पलंगाखाली सारेपर्यंत त्याचा जीव वरखाली होतो. मी एकदा म्हटलं, "अरे, मला तरी जरा ऐसपैस राहू दे बाबा या घरात." तर हसला नाही, माझ्या कपाटाकडे नजर टाकून म्हणाला, "ताई, यातलं अर्धं नकोच आहे तुला."

आणि खरं सांगते, कामात तो हुशारच. मला एकदा समजावून सांगितलं होतं त्याने. व्हिडिओत माणूस बोलत असतो, पण त्याच्या मागची भिंत काही हलत नाही. मग ती भिंत प्रत्येक चित्रात नव्याने साठवायची कशाला? एकदा ठेवायची आणि 'तीच बरं का' असं सांगून पुढे जायचं. आवाजाचंही तसंच. मोठ्या आवाजाच्या आड जे बारीकसारीक लपतं, ते कानाला कळतच नाही, मग ते टाकून द्यायचं. "नको ते ओळखायचं, एवढीच कला आहे," असं म्हणून तो हेडफोन डोक्यावर चढवायचा. हे हेडफोन म्हणजे त्याचा मुकुट. एकदा चढले की समोर माणूस उभा असो की खांब, त्याला सारखाच.

मी काम करते ते बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एका खोलीत माझं टेबल आणि फोन, दुसऱ्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेली ध्वनिमुद्रणाची जागा. ज्यांना दिसत नाही किंवा म्हातारपणी अक्षर लागत नाही, अशांसाठी आम्ही पुस्तकं वाचून घेतो आणि इंटरनेटवर ठेवतो. आमचे श्रोते काही मोठ्या ऐपतीचे नाहीत. साधे फोन, रखडणारं नेटवर्क. म्हणजे फाइल लहान हवीच. ते काम पिळ्याला मीच मिळवून दिलं, आणि वर सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं की माझा भाऊ यात पटाईत आहे. आज ते आठवलं की कानशिलं तापतात माझी.

आमच्याकडे वाचायला येणाऱ्यांत टेलिफोनबाई सगळ्यांच्या लाडक्या. निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच्या कचेरीत होत्या, मधे बसून लोकांचे फोन जोडून द्यायच्या. आवाज असा की ऐकणाऱ्याने पाठ ताठ करून बसावं. गोड वगैरे नाही, स्वच्छ. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. बाईंना त्या आवाजाचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. "माझ्या रूपाकडे कुणी वळून बघितलं नाही हो कधी," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण आवाजाकडे सगळं शहर कान लावून असायचं." वाचायला बसायच्या आधी कोमट पाण्याचे दोन घोट, मग दार लोटून घेणं, मग खुर्ची पुढे ओढणं. एक छदाम न घेता वर्षानुवर्षं येत होत्या.

मग आमचा जुना माइक मेला. एका भल्या माणसाने नवा आणून दिला, दोन कानांचा. म्हणजे डावीकडचं वेगळं ऐकणारा, उजवीकडचं वेगळं. त्याची वायर मात्र आखूड निघाली. पिळ्याला ध्वनिमुद्रणाचं यंत्र बाहेरच्या खोलीत ठेवायचं होतं, त्याच्या पंख्याचा घुरघुराट आत नको म्हणून. मग त्याने स्वतः सुट्या तारा डाग देऊन जोडल्या आणि लांब वायर तयार केली. डाग देऊन झाल्यावर मला बोलावून दाखवली. "बघ, कारखान्यातली वाटते की नाही?" मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, वाटते बाबा.

काम असं चालायचं: बाई आत जाऊन बसायच्या, पिळ्या बाहेर यंत्र सुरू करायचा, हेडफोन लावून सुरुवातीचं जरासं ऐकायचा आणि खाली चहाला जायचा. वाचून झालं की मोठी फाइल संगणकात उतरवायची. मग अशा फाइलींचा गठ्ठाच्या गठ्ठा संगणकाच्या स्वाधीन करायचा. संगणक डावं आणि उजवं एकत्र कालवून एकच करायचा, कारण गोष्ट ऐकायला दोन बाजू कशाला, आणि मग ते दाबून दाबून लहान करायचा. पिळ्या शेवटी फाइल केवढी झाली तेवढं बघायचा. आकडा मनासारखा आला की गडी खूश.

नव्या माइकवरचं बाईंचं पहिलं पुस्तक चढलं आणि दुसऱ्याच दिवशी मालिशकाकांचा फोन आला. हे आमचे सगळ्यांत जुने श्रोते. दिसत नाही, पण हातांनी अख्ख्या वस्तीची पाठदुखी उतरवतात, आणि एकीकडे बोलकी पुस्तकं ऐकतात. म्हणाले, "ताई, बाईंना बरं नाही का? खुर्ची झकास कुरकुरतेय, पान उलटलेलंही कळतंय, पण बाई कुठं आहेत?"

मी फोनवर लावून बघितलं. खरंच की. विहिरीच्या तळातून कुणीतरी कुजबुजावं तसा बारीक, पातळ आवाज. मी पिळ्याला हाक मारली. "अरे, ही छोटी फाइल जरा ऐक."

"छोटी काय ऐकायची? मोठी ऐकलीय ना मी." तरी माझ्या समाधानासाठी त्याने हेडफोन चढवून मोठी फाइल लावली. डोळे मिटून, मान हलवत, जाणकारासारखं ऐकलं. मग म्हणाला, "हं. आहे आवाज. पण पोकळ आहे गं. डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. अंगच नाही त्याला."

"आधी तर असं नव्हतं."

"आधीचा माइक लपवायचा. हा खरं सांगतो." आणि मग त्याने मला त्याचं ते शास्त्र ऐकवलं. दाबताना संगणक अशक्त असेल ते टाकून देतो, दमदार असेल ते ठेवतो. ज्याच्या आवाजात दम आहे तो टिकतो, ज्याच्यात नाही तो जातो. झालं! मला पटलं. मूर्ख कुठली मी. हेडफोन लावलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर मी माझ्या कानांवरचा विश्वास सोडला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

बाईंना हे हळुवारपणे सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्या वाचून बाहेर आल्या, नेहमीसारखं हसून म्हणाल्या, "काय, कसं झालं आज?" मी शब्द जुळवत होते, "बाई, फोनवर जरासं बारीक येतंय, म्हणजे लोक म्हणतात..." तेवढ्यात पिळ्याने हेडफोन गळ्यात उतरवले.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "यात कुणाचा दोष नाही. तुमच्या आवाजात आता दम राहिलेला नाही. वयाने होतं असं. जुन्या माइकवर कळत नव्हतं, इतकंच. दाबलं की नाहीसाच होतो."

तो दुष्टपणाने बोलला नाही, हे मला सांगायलाच हवं. डॉक्टर सांगतात तसं त्याने सांगितलं, शांतपणे, खात्रीने.  बाईंचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." मग माझ्याकडे वळून, "हातातलं पुस्तक पुरं करते हं. अर्धवट टाकायचं बरं नाही." तेवढं बोलतानाही त्यांनी आवाज खाली घेतला होता.

पुस्तक पुरं केलं आणि त्या यायच्या बंद झाल्या. त्यांचा पाण्याचा पेला तेवढा राहिला खिडकीत. मी दोनदा फोन केला, त्यांच्या यजमानांनी उचलला. "ती बोलत नाही फोनवर हल्ली," एवढंच म्हणाले. मी एकदा त्यांना भाजीच्या दुकानात बघितलं. दुकानदाराला काय हवं ते बोटाने दाखवत होत्या. त्या माणसाने "काय म्हणालात?" असं विचारलं तर त्यांनी मान हलवली आणि दुसरंच काहीतरी घेऊन निघाल्या. मी हाक न मारताच गल्लीत वळले. काय म्हणणार होते मी?

त्यांच्या जागी आम्ही बातम्यावाल्यांना आणलं. रेडिओवर बातम्या देऊन निवृत्त झालेले, देहाने आडवेतिडवे, आणि आवाज असा की नुसते शिंकले तरी खालच्या दवाखान्यातले रोगी दचकायचे. पिळ्या खुशीत. "याला म्हणतात आवाज! याला कितीही दाबा." पुस्तक चढलं. दुसऱ्या दिवशी मालिशकाकांचा फोन.

"ताई, रागावू नका, पण हे नवे गृहस्थही कुजबुजायलाच बसलेत का?"

माझ्या हातातून फोन पडायचा राहिला. मी तशीच उठून पिळ्यासमोर जाऊन उभी राहिले. "याच्याही आवाजात दम नाही का रे?" तो हसायला लागला, मग माझा चेहरा बघून थांबला. मी म्हटलं, "छोटी ऐक. आत्ता. माझ्यासमोर." तरी बोट त्याचं मोठ्या फाइलीकडेच जायला लागलं, तसा मी त्याच्या हातावर फटका मारला. हो, मारला. घोड्याएवढा आहे म्हणून काय झालं.

तेवढ्यात मालिशकाका स्वतःच जिना चढून आले, दवाखान्यात कुणाची तरी पाठ चोळायला आले होते. त्यांनी त्यांचा तो साधा फोन टेबलावर ठेवला आणि लावला. खुर्ची कुरकुरली. पान उलटलं. आणि बातम्यावाले, ज्यांच्यामुळे खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, ते कुठल्याशा दूरच्या खोलीतून मांजरासारखे पुटपुटले. पिळ्याने फोन कानाशी नेला. उलटासुलटा करून बघितला. मग मोठी फाइल त्या एकाच स्पीकरच्या फोनवर घेऊन लावली. तेच. हेडफोन लावले तर बातम्यावाले धडधाकट, फोनवर लावले तर बातम्यावाले गायब.

"दोन बाजू एक झाल्या की मरतोय," तो स्वतःशीच म्हणाला. आणि त्याचा चेहरा जो उतरला, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याने पेचकस घेतला आणि आपल्या हाताने केलेल्या त्या वायरीचं टोक उघडलं. 

"ताई, मीच उलटं जोडलंय."

एका टोकाला दोन तारांची अदलाबदल झाली होती. मला त्याने नंतर सांगितलं ते असं: एकाच दाराला बाहेरून एकाने ढकलायचं आणि आतून दुसऱ्याने तेवढ्याच जोराने ढकलायचं, मग दार हलेल का? बाई बरोबर मधोमध बसायच्या, तोंड माइकसमोर. त्यांचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा जायचा, पण एका बाजूला सुलटा, एका बाजूला उलटा. हेडफोनमध्ये दोन कानांना वेगवेगळा जाई, म्हणून ऐकू यायचा, जरा पोकळ. दोन्ही कालवून एक केलं की एकाने दुसऱ्याला खाल्लं. खुर्चीची कुरकुर आणि पानांची सळसळ एका अंगाने यायची म्हणून ती वाचली. म्हणजे जितकी बाई नीट बसणार, जितकी नीट वाचणार, तितकी पुसली जाणार. आणि आम्ही तिला सांगितलं, तुझ्यात दम नाही.

मालिशकाकांनी फोन खिशात घातला, काठी घेतली आणि "येतो ताई" म्हणून निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता चूक निस्तरणं मात्र अगदीच सोपं निघालं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मोठ्या फाइली होत्याच. एक बाजू सुलटी करायची आणि पुन्हा दाबायचं. पिळ्याने नव्या माइकवरची सगळी पुस्तकं संगणकाला लावून दिली आणि आम्ही जेवेपर्यंत बरीचशी झालीसुद्धा. दुपारी सगळी चढवून तो म्हणाला, "झालं. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. लोकांना वाटेल नेटवर्क सुधारलं."

"आणि बाई?"

"बोलावू की परत. वाचणारे कमी पडतायत म्हणून सांगू. फोनवर गोड बोलून घे तू." हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. लाजलेला माणूस पटकन ओळखू येतो, तो वस्तू नीट मांडायला लागतो. हा टेबलावरचे पेन एका रांगेत लावत होता. मी म्हटलं, "तुझं तोंड दुखतं का? तू बोल गोड." त्याने पेनं उचलून पुन्हा रांगेत लावली. माझ्या तोंडात आणखी पुष्कळ होतं, पण मी ते चघळत बसले. खोटं का बोला, मलाही क्षणभर वाटलं होतं की विषय इथेच मिटला तर बरं.

पण विषय मिटायचा नव्हता. संध्याकाळी फोन वाजायला लागला. आधी एका आजोबांचा, मग एका मास्तरांचा, मग मालिशकाकांचा. सगळे तेच विचारत होते.

"ताई, बाई माफी कशाबद्दल मागतायत?"

मला काही उमजेना. "कसली माफी?"

"अहो, शेवटच्या पुस्तकाच्या शेवटाला. आवाज तर कसा खणखणीत आहे. आम्ही सगळे इथे कोड्यात पडलोय."

मी पिळ्याला बोलावलं आणि शेवटचं पुस्तक शेवटाकडे ओढून लावलं. बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं. थांबल्या. पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. आणि मग, त्यांच्या त्या धुतलेल्या, स्वच्छ, खोली भरून टाकणाऱ्या आवाजात:

"श्रोतेहो, माझा आवाज आता आपल्यापर्यंत पोचत नाही असं मला कळलं आहे. मला स्वतःला ते समजलं नाही, त्यामुळे आपला वेळ गेला. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. यापुढे चांगल्या आवाजाचं माणूस आपल्याला वाचून दाखवेल. नमस्कार."

त्यांनी हे बोलून ठेवलं तेव्हा यंत्र चालू होतं आणि माझा भाऊ खाली चहा पीत होता. मोठी फाइल त्याने सुरुवातीपुरती ऐकली होती, छोटी तर नाहीच. जगात कुणीही ती माफी ऐकली नव्हती, कारण आम्हीच ती पुसून टाकली होती. आणि आज चूक झाकण्यासाठी सगळं सुलटं करून दिलं, तर तीच पहिल्यांदा सगळ्यांच्या घराघरात गेली. जिचं काही चुकलं नाही ती बाई हात जोडून माफी मागतेय, आणि एक शब्दही इकडचा तिकडे होत नाहीये.

पिळ्या खाली बसला. खुर्ची होती शेजारी, पण जमिनीवरच बसला. म्हणाला, "ताई, काढून टाकतो ती. आत्ता काढतो."

"तू काही काढणार नाहीस," मी म्हटलं. "तू चप्पल घाल."

"तू चल ना बरोबर."

"येते. पण बोलणार तू. मी तोंड उघडणार नाही."

रस्त्याने तो एवढा हळू चालला की मला दर वळणावर उभं राहावं लागलं. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. यजमानांनी दार उघडलं, उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. आम्हाला बघून बाजूला झाले आणि बाईंना "आलेत गं तुझ्या ग्रंथालयातले" एवढं सांगून आतल्या खोलीत निघून गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. "या," त्या म्हणाल्या, पण तो शब्द ओठांवरच होता, आवाज नव्हताच. "बसा. चहा टाकू?" तेही तसंच, कुजबुजत. आजारी माणसाच्या उशाशी बोलतात ना, तसं.

पिळ्या खुर्चीच्या कडेवर टेकला. घसा खाकरला. "बाई, ते आपलं... एक तांत्रिक अडचण झाली होती."

मी बोलणार नाही म्हटलं होतं, म्हणून बोलले नाही. नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले.

"तांत्रिक नाही," तो म्हणाला. "मीच. वायर मी केली होती, उलटी जोडली. तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मी छोटी फाइल ऐकलीच नाही. तुम्हाला सांगण्याआधी एकदा ऐकली असती तरी कळलं असतं. न ऐकताच सांगितलं मी तुम्हाला." मग त्याने खिशातून फोन काढला, बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि लावला. त्याने मुद्दाम ती माफी नाही लावली, पुस्तकाची सुरुवात लावली. 

बाई ऐकत राहिल्या. आपलाच आवाज. खोलीभर झाला तो. त्यांचा हात गळ्याशी गेला, मग खाली आला, मग पुन्हा गेला. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. पिळ्यालाही तेच हवं होतं, मला ठाऊक आहे. शिवी पडली असती तर त्याला तेवढंच मोकळं झाल्यासारखं झालं असतं.

त्या चिडल्या नाहीत. फोन बंद केला आणि त्याच्याकडे बघून, अजूनही कुजबुजतच म्हणाल्या, "अरे, मी तर सगळ्यांना सांगत होते की एक तूच खरं बोललास."

पिळ्याने मान वर केली.

"बाकीचे सगळे म्हणत होते, तुमचा आवाज तसाच आहे. मुलगी म्हणाली, शेजारीण म्हणाली. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईचं मन राखतायत. तू परका. तुला माझं मन राखायचं काही कारण नव्हतं. म्हटलं, हाच एक सरळ माणूस." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "हे तर रोज सांगायचे. रोज. अगं, काही झालेलं नाही तुझ्या आवाजाला. मी एक दिवस त्यांना म्हणाले, तुम्ही आयुष्यभर मला खोटंच सांगत आलात, सगळ्याच बाबतीत. असं म्हणाले मी. त्या दिवसापासून बोललो नाही आम्ही. कामापुरतं तेवढं."

पिळ्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. एवढा मोठा बाप्या, पण खांदे हलायला लागले त्याचे. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेववेना, कारण माझाही हात काही फार स्वच्छ नव्हता. त्याला पटाईत म्हणून मिरवणारी मीच होते. आम्ही दोघं त्या नीटनेटक्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात, चोरासारखी बसलो होतो.

बाई उठल्या. आतल्या दाराशी गेल्या, दाराला हात लावून उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि पहिल्यांदा काहीच आलं नाही, नुसती हवा. इतके दिवस गुंडाळून ठेवलेला आवाज काही एकदम निघेना. मग त्यांनी घसा साफ केला आणि हाक मारली. मोठ्याने. जिन्यापर्यंत गेली असेल ती.

"अहो! ऐकू येतंय का?"

 आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि यजमानांचा, अगदी साध्या सुरात.

"येतंय गं. मला रोजच येत होतं."